घाटात अडकलेली होडी

मुंबई-अलिबागकडची होडी पवना किंवा मुळशीच्या जलाशयावर न्यायची, तर तिला बहुतेक वेळा आधी बोरघाट चढावा लागतो. जीपच्या मागे कपलिंगला अडकवलेला दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर, त्यावर पट्ट्यांनी आवळलेली फायबरची होडी आणि तिच्या मागच्या टोकाला इंजिन. चौक, खालापूर, खोपोली हा सपाटीवरचा रस्ता संपेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. खोपोली सुटली की चढ लागतो आणि मोजक्या किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे पाचशे मीटर उंची गाठतो. इथे गाडी बंद पडली की लोक सवयीने बॉनेट उघडतात. होडीच्या ट्रेलरचं दुखणं मात्र बॉनेटखाली नसतं. ते मागे, चाकाच्या मधोमध असलेल्या मुठीएवढ्या हबमध्ये असतं आणि बहुतेक वेळा ते काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेलं असतं.

ट्रेलरला इंजिन नाही, गिअर नाही, वायरिंग म्हणाल तर मागच्या दिव्यांपुरतं. बिघडण्यासारखं त्यात आहेच काय, असं वाटतं आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी पाहत नाही. जीपची सर्व्हिसिंग वेळेवर होते. ट्रेलर मात्र पावसाळाभर अंगणात किंवा झाडाखाली उभा असतो आणि दिवाळीनंतर एका सकाळी हवा भरून, कपलिंग अडकवून थेट रस्त्यावर येतो. त्याच्या हबचं तापमान दाखवणारा काटा जीपच्या डॅशबोर्डवर नाही. बिघाड झाला तरी लाल दिवा लागत नाही.

हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी गोळा. त्यात निमुळत्या रोलरची दोन बेअरिंग असतात, आतल्या बाजूला मोठं आणि बाहेरच्या बाजूला लहान. दोन्हींच्या मधली जागा ग्रीसने भरलेली असते. आतल्या बाजूने रबरी ऑइल सील, बाहेरून पत्र्याचं झाकण. हे सगळं एका खाचांच्या नटाने धरून ठेवलेलं असतं आणि तो नट फिरू नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन आरपार घातलेली असते. पिन काही रुपयांची. पण ती तुटली की नट सुटतो आणि नट सुटला की चाक गाडीला ओलांडून पुढे निघून जातं.

हा नट किती आवळायचा, यावर बेअरिंगचं आयुष्य ठरतं. चाक हाताने फिरवत नट आधी घट्ट करायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो किंचित सैल सोडायचा आणि पिन घालायची. पूर्ण आवळलेला नट जास्त सुरक्षित, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात आवळून ठेवलेलं बेअरिंग तापतं, ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि कोरडे रोलर आपलीच धाव खरवडू लागतात. नट फार सैल राहिला तर चाक डुगडुगतं आणि सील फाटतं.

होडीच्या ट्रेलरला याहून वेगळा एक शाप आहे, तो म्हणजे पाणी. मालवाहू ट्रॉलीची चाकं पाण्यात बुडत नाहीत. होडीच्या ट्रेलरची प्रत्येक फेरीला बुडतात. लांबून आलेला ट्रेलर जलाशयावर पोचतो तेव्हा हब तापलेला असतो आणि आतली हवाही प्रसरण पावलेली असते. उतरण्याच्या घाईत ट्रेलर तसाच मागे घेऊन पाण्यात घातला जातो. हब झपाट्याने गार होतो, आतली हवा आकसते, दाब कमी होतो आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. ग्रीस दुधाळ, पांढुरकं होतं. होडी उतरवली, सहल झाली, ट्रेलर घरी आला, सगळे खूश. आत मात्र उभ्या रोलरवर गंजाचे ठिपके पडू लागतात. खाऱ्या पाण्याच्या धक्क्यावर हे आणखी लवकर होतं. पुढच्या हंगामात त्याच ठिपक्यांवरून रोलर धावतात आणि घाट चढताना बेअरिंगचा चुरा होतो. म्हणून जलाशयावर पोचल्यावर हब हाताला गार लागेपर्यंत थांबणं, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती. हबच्या तोंडावर स्प्रिंगचं झाकण बसवण्याचीही पद्धत आहे. ते आतल्या ग्रीसवर बाहेरून हलका दाब कायम ठेवतं, त्यामुळे पाण्याला शिरायला वाव राहत नाही. पण सील फाटकं असेल तर हे झाकण ग्रीस मागच्या बाजूने बाहेर ढकलत बसतं, एवढंच.

लहान चाकाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दहा इंची रिमचं, साधारण ५० सेंटीमीटर व्यासाचं ट्रेलरचं चाक एका किलोमीटरला ६३० हून जास्त फेरे घेतं. जीपचं ७० सेंटीमीटरचं चाक तेच अंतर साडेचारशेच्या आसपास फेऱ्यांत कापतं. ताशी ८० किलोमीटरने निघालं, तर ट्रेलरचं चाक मिनिटाला जवळजवळ साडेआठशे वेळा फिरतं. वेग चालकाला जीपच्या हिशेबाने बरा वाटतो. भोगतं ते मागचं चाक.

टायरचंही असंच. गाडीचा टायर झिजून बाद होतो, ट्रेलरचा वयाने. नक्षी नव्यासारखी असते, म्हणून कुणी बदलत नाही. उन्हात उभं राहून त्याच्या बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या अंगावर एक चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. घरी असलेल्या ट्रेलरवर हा आकडा शोधून पाहा. अनेकांना धक्का बसेल. स्टेपनी तर त्याच वयाची असते आणि तिच्यात हवा नसते, हे वेगळं सांगायला नको.

बेअरिंग जाण्याआधी सांगून जातं, फक्त ऐकायला आपण पुढे काच बंद करून बसलेलो असतो. आधी घरघर सुरू होते. मग रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसतात. मग चाक वाकडं चालतं आणि जळका वास येतो. मागून आलेला दुचाकीस्वार हात करून काही ओरडत पुढे गेला, तर त्याला काय झालं असेल याचा विचार करत बसू नये. जागा सापडताच थांबावं. त्याहून बरं म्हणजे त्याने ओरडायची वेळच येऊ देऊ नये. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा आणि घाट चढण्याआधी खोपोलीत एकदा खाली उतरून दोन्ही हबजवळ हात न्यावा. आधी नुसता जवळ, मग टेकवून. थोडी ऊब चालते. एक हब कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल, तर दुसऱ्यात घोळ आहे. पुढे घाट चढायचा नाही. जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते स्थान, अशी आख्यायिका. ट्रकवाले तिथे थांबून हात जोडतात. तिथे थांबलात तर हबलाही हात लावून या.

याच डोंगराच्या अंगावरून रेल्वे जाते आणि बिघाडाकडे कसं पाहावं हे शिकायचं तर तिच्याकडून. कर्जतहून वर निघालेली गाडी पळसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी खंडाळ्याला पोचते. ठाकुरवाडी हे इथलं प्रवाशांच्या चढ-उताराचं स्टेशन नव्हे, घाटातलं कामकाजाचं ठिकाण. १८६३ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर चाललं की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबाने हा भिंतीसारखा चढ. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि ती ढकलत वर नेतात. उतरताना प्रश्न उलटा असतो. त्यासाठी घाटात कॅच सायडिंग आहेत. मुख्य रुळाला फुटलेला हा चढणीचा आंधळा फाटा. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबून आपला ब्रेक ताब्यात असल्याचं दाखवते, तेव्हाच तिला पुढचा मुख्य मार्ग मिळतो. थांबता आली नाही, तर ती आपोआप फाट्यावर वर चढते आणि तिथे वेग मारला जातो.

याचा अर्थ असा, की रेल्वे ब्रेक निकामी आहे असं धरून चालते आणि तो ठीक असल्याचा पुरावा मागते. आपण रस्त्यावर ब्रेक ठीक आहे असं धरून चालतो आणि पुरावा अपघातानंतर मिळतो. एवढं करूनही रेल्वेच्या वाट्याला बिघाड येतातच. १ जुलै २०१९ च्या पहाटे जांबरुंग ते ठाकुरवाडी दरम्यान मालगाडीचे डबे घसरले आणि मुंबई-पुणे गाड्या रद्द कराव्या लागल्या.

रस्त्यावरच्या उताराचं गणित करून पाहा. जीप, ट्रेलर, होडी, माणसं मिळून अडीच टन धरू. पाचशे मीटर खाली येताना यातून जी ऊर्जा सुटते ती साधारण चाळीस लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी असते, म्हणजे दोन मोठे बंब. लहान ट्रेलरला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, तेव्हा ही सगळी उष्णता जीपच्या चार चाकांतल्या ब्रेकवर येते. पाय सतत ब्रेकवर ठेवला की लायनर तापून पकड सोडतात आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल सरळ तळाला जातं. उपाय जुनाच आहे. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा आणि वेग इंजिनला धरू द्या. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं हा घाटातला आत्मघात आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीच्या बाजूला एका कंटेनर ट्रेलरचा ब्रेक निकामी झाला आणि तो पुढच्या अनेक गाड्यांना चिरडत गेला. आपला होडीचा ट्रेलर त्या मानाने चिमुकला, पण अशा रस्त्यावर तो बंद पडून उभा असेल तर मागून काय येऊ शकतं, हे लक्षात असावं.

म्हणून बिघाड झाल्यावरची पहिली गोष्ट दुरुस्ती नाही, जागा आहे. वळणावर, बोगद्यात, पुलावर थांबू नये. चाकाचा टायर फाटून गेला तर जाऊ दे, रिम वाकली तर वाकू दे, पण शक्य असेल तोवर रखडत रुंद कडेपर्यंत जावं. चारही इंडिकेटर लावावेत, माणसांना डाव्या बाजूने उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करावं. गाडीत बसून मेकॅनिकची वाट पाहणारी माणसंच मागून बसलेल्या धडकेत सापडतात. चेतावणीचा त्रिकोण गाडीपासून दहा पावलांवर ठेवून उपयोग नाही. सपाट रस्त्यावर तो निदान ५० मीटर मागे हवा, आणि घाटात अंतरापेक्षा वळण महत्त्वाचं. त्रिकोण वळणाच्या अलीकडे असला तरच मागच्याला वळण्याआधी कळतं. धुक्यात आणि पावसात हे अंतर आणखी वाढवायचं.

मग फोन. आणीबाणीला ११२. इथे एक स्थानिक अडचण आहे. आम्ही ठाकुरवाडीपाशी आहोत, एवढं सांगून मदत पोचत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर ठाकूर समाजाच्या वाड्या जागोजागी आहेत आणि ठाकुरवाडी नावाच्या एकापेक्षा जास्त आहेत. त्यामुळे वाडीबरोबर मूळ गावाचं नाव, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, आणि चढणारी बाजू की उतरणारी, एवढं तरी सांगावं. द्रुतगती मार्ग की जुना रस्ता हेही सांगायलाच हवं; दोन्ही शेजारून जातात, पण क्रेनला एकावरून दुसऱ्यावर यायला मोठा फेरा पडतो. घाटात रेंज जाते, म्हणून फोन लागला की आधी ठिकाण बोलावं, गाऱ्हाणं नंतर.

आता दुरुस्ती. ट्रेलर जीपपासून सोडू नये. चांगल्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. जॅक ॲक्सलच्या मध्याखाली नाही, तर स्प्रिंगच्या पाट्याजवळ, यू-बोल्टच्या शेजारी लावावा, म्हणजे ॲक्सल वाकत नाही. जॅकखाली जाड फळी हवी, कारण रस्त्याची कड पावसाने भुसभुशीत असते. होडी उंच असते आणि वजन वर असतं, त्यामुळे पट्टे सैल झाले असतील तर आधी ते आवळावेत. नुसता टायर गेला असेल तर काम सरळ आहे, फक्त जीपचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का हे घरीच पाहून ठेवलेलं असावं. तो बसत नाही हे घाटात कळणं फार महाग पडतं.

बेअरिंग गेलं असेल, तर रस्त्याच्या कडेला, धुळीत, नवं बेअरिंग ठोकून बसवणं कौतुकाचं असलं तरी शहाणपणाचं नाही. लांबच्या प्रवासाला निघणारे जाणकार लोक ग्रीस भरून, दोन्ही बेअरिंग बसवून तयार केलेला अख्खा हब पिशवीत गुंडाळून बरोबर ठेवतात. जुना हब काढायचा, नवा सरकवायचा, नट, पिन, झाकण. तेवढी तयारी नसेल तर बेअरिंगचा नंबर तरी लिहून ठेवावा. तो कड्यावर कोरलेला असतो, पण बेअरिंग जळाल्यावर वाचता येत नाही. आपल्याकडचे बरेच ट्रेलर वर्कशॉपमध्ये जोडून बनवलेले असतात, जुन्या जीपचा किंवा छोट्या टेम्पोचा ॲक्सल वापरून. ट्रेलरचं मॉडेल सांगून सुटा भाग मिळत नाही. नंबर सांगितला तर खोपोली-कर्जतच्या दुकानात मिळण्याची शक्यता बरी असते. ॲक्सलचा दांडाच खरवडला गेला असेल, निळसर पडला असेल, तर नवं बेअरिंगही टिकणार नाही. तिथे क्रेन किंवा सपाट ट्रकच हवा. चार चाकी ट्रेलर असेल, तर निकामी चाक साखळीने वर बांधून सावकाश जवळच्या सपाट जागेपर्यंत जाता येतं. तेवढंच, त्या अवस्थेत घाट चढायचा नाही की उतरायचा नाही. बंद ट्रेलर टोचन करून ओढत न्यायला कुणी तयार झालं, तर उतारावर त्याला साफ नाही म्हणावं. दोरीने बांधलेल्या ट्रेलरला ब्रेक नसतो, तो ओढणाऱ्याच्या पाठीवरच येऊन आदळतो.

पुराच्या वेळी बचावाच्या होड्या ट्रेलरवर न जाता ट्रकमध्ये जातात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. एनडीआरएफच्या पुण्याजवळच्या तुकड्या २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला धावल्या. त्यांच्याकडच्या रबरी होड्यांची हवा काढून घडी होते, इंजिन वेगळं ठेवता येतं, जागेवर पोचून हवा भरली की होडी तयार. फायबरची होडी जास्त टिकाऊ असेल, पण तिला दोन चाकं लागतात आणि ती चाकं सांभाळणारा माणूस लागतो.

होडीचे ट्रेलर या भागात मोजकेच. रोजचा ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. वीटभट्टीच्या विटा, रेती, भाताचा पेंढा, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तीच वाहते. हब तोच, बेअरिंग तशीच, दुर्लक्षही तेच, फक्त वजन कितीतरी जास्त. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला बंदी असल्याने ती जुन्या रस्त्याने आणि कर्जत-चौक, कर्जत-खोपोली अशा आतल्या रस्त्यांनी जाते. पाटा तुटून संध्याकाळी कडेला बसलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली मला चालत्या ट्रकपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. पेंढा रुंदीला दोन्हीकडे बाहेर आलेला असतो आणि रिफ्लेक्टर त्याच्याखाली झाकलेला. दोन लाल रिफ्लेक्टर पट्ट्या मागच्या फळीवर खाली चिकटवायला फार खर्च येत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही वाहनच आहे आणि त्याचीही नोंदणी लागते. बंद पडलेली गाडी वाहतुकीला अडथळा होईल अशी ठेवली तर कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड होतो. घाटात एक मार्गिका अडली की मागे किती किलोमीटर रांग लागते ते पाहता हा दंड म्हणजे थट्टाच. बेवारस सोडून दिलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात आणि त्याचा खर्च मालकाकडून घेतात. उलट बाजूला, अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांच्या कटकटीची भीती वाटू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं. घाटात आधी पोचतात ते वाडीतले तरुण, खोपोलीतले स्वयंसेवक आणि मागचा ट्रकवाला; त्यांना हे कलम माहीत असायला हवं.

शेवटी एक विनंती. त्रिकोण नसला की आपल्याकडे रस्त्यावर झाडाच्या फांद्या आणि दगड मांडतात. वेळेला तेही चालतं. पण गाडी दुरुस्त झाली की लोक ती सुरू करून निघून जातात आणि दगड तिथेच राहतात. रात्री त्यांच्यावरून दुचाकी उडते. चाकाला लावलेले आणि रस्त्यावर मांडलेले सगळे दगड आधी उचलून कडेला टाका, मगच गाडीत बसा.